पुसलेले दोन आकडे

या, असे जरा पुढे सरकून बसा. देवानं कान दिलेत ते ऐकायलाच. एका दुपारची गोष्ट सांगतो, लांबण लावत नाही.

एका इस्पितळाच्या तळघरात एक बाई जुन्या नोंदी सांभाळायच्या. त्यांच्या टेबलाशी पन्नाशीचा एक माणूस येरझाऱ्या घालत होता. वर त्याचे वडील बेशुद्ध होते. मांडीचं हाड मोडलेलं, आत रक्त साठत चाललेलं. वीस वर्षांपूर्वी इथंच भुलीच्या एका औषधानं ते मरणाच्या दारात गेले होते, कसेबसे वाचले. औषध कुठलं, ते लेकाला ठाऊक नव्हतं. हातात भिजलेलं जुनं कार्ड, त्यावरच्या क्रमांकातले मधले दोन आकडे पुसलेले. आणि जुन्या नोंदींवर नावंच नव्हती, नुसते क्रमांक आणि जन्मसाल.

फोन खणखणला. वरून भूल देणारे डॉक्टर. "बाई, दहा मिनिटं. त्यापुढं मला थांबता येणार नाही."

बाईंनी दिराला फोन लावला. तो संगणकातला जाणकार. त्यानं शोधाची ओळ मोबाइलवर धाडली, पुसलेल्या प्रत्येक आकड्याच्या जागी एकेक आडवी रेघ घालून; रेघ म्हणजे तिथं कुठलाही आकडा चालेल. बाईंनी ती उचलून संगणकात चिकटवली. उत्तर आलं : मांडणी चुकली.

कंस काढला. चुकली. शेवटचं टिंब काढलं. चुकली!

"भाऊजी, तुमची ओळ चालेना."

"वहिनी, त्यात मीठ-मसाला घातलात की काय?"

"चेष्टा पुरे! इथं माणूस टेबलावर आहे."

दिरानं ओळ पुन्हा चालवून पाहिली. "माझ्याकडं चालते हो," एवढंच पुटपुटला.

घड्याळ टकटकत होतं, लेकाच्या चपला फरफटत होत्या. "बाई, अजून?" त्यानं चौथ्यांदा विचारलं. घाईत बाईंकडून क्रमांकाआधीचं अवतरणचिन्ह चुकून खोडलं गेलं. त्यांनी ते हातानं पुन्हा टंकलं. बघतात तर हे सरळ, काडीसारखं; ओळीच्या शेवटचं मात्र वाकडं, शेपटीवालं! मोबाइलनं दिराची साधी चिन्हं परस्पर नटवली होती, आणि संगणकाला तो नट्टापट्टा ओळखता येत नव्हता.

बाईंनी शेवटचंही सरळ केलं. कळ दाबली.

अकरा नोंदी. जन्मसाल जुळणारी एकच. शेऱ्यात औषधाचं नाव, आणि पुढं : 'हे औषध कधीही देऊ नये. श्वास थांबतो.'

बाईंनी फोनवर ते नाव दोनदा वाचलं. मग डॉक्टर हळूच म्हणाले, "सुईत तेच भरून ठेवलं होतं. बदलतो."

लेक वर धावला. म्हातारा संध्याकाळी डोळे उघडून त्याच्यावरच खेकसला, "असा रडतोस काय?"

आता एक मागणं. हजारो कागद संगणकात उतरवताना कुणीतरी 'शेरा नाही' असं टाकून मोकळं झालं नव्हतं. शेऱ्याची ती ओळ अक्षरन् अक्षर टंकली होती. कोण, ते कुणालाच माहीत नाही. देवापुढं हात जोडाल तेव्हा त्या माणसाची आठवण ठेवा.