एकोणतीस दोर

पुण्यात काय काम करतेस, असं वस्तीवर कोणी विचारलं की मोनिका सांगायची, "राखण करते." ऐकणारा हसायचा, पण त्यात खोटं काही नव्हतं. कोणी माचावर बसून ज्वारी राखतो, तशी ही थंडगार खोलीत बसून डिस्का राखायची. भिंतीएवढ्या कपाटांत शेकड्यानं डिस्का, त्यांत लोकांचा जन्माचा डेटा. एखादीला लाल दिवा लागला की ती काढायची, नवी घालायची, आणि कोणाचं काही हरवलं नाही ना ते पाहायचं. अकरा वर्षं तिनं एवढंच केलं, आणि इमानानं केलं.

मग एक दिवस कंपनीनं सांगितलं, कपाटं बंद, सगळं आता क्लाउडवर. राखणदार नकोत, प्रोग्राम लिहिणारे हवेत. सहा महिने घरी बसून शिका, परीक्षा द्या, जमलं तर राहा, नाहीतर राम राम. तेहतीस वर्षांची बाई, हातात लॅपटॉप, पाठीवर बॅग, तिसगावजवळच्या आपल्या वस्तीवर येऊन पोचली. आई रतनबाईनं तिला पाहिलं आणि भाकर थापता थापता एवढंच म्हणाली, "आलीस का? बरं झालं. हातपाय धू."

नाना, म्हणजे तिचे वडील राधाकृष्ण, ओट्यावर बसले होते. त्यांनी तिच्याकडं बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "तू कुनाची गं?"

विसरण्याचा आजार होता त्यांना. चार वर्षांपासून थोडं थोडं जात होतं, आणि गेल्या दीड वर्षात लेकीचं नावही गेलं. मोनिकाला ते ठाऊक होतं, फोनवर सगळं कळलेलं होतं. तरी ती आत जाऊन चुलीपुढं बसली आणि रडली. आपल्याच बापानं तू कोणाची म्हणून विचारावं, काय बोलायचं यावर!

तिला शिकवायला कंपनीनं लीना मॅडम नेमल्या होत्या, रोज सकाळी अर्धा तास फोनवर. पायथन नावाची भाषा होती. सुरुवातीला तर मोनिकाला वाटलं, ही भाषा आहे की खाष्ट सासू? एक जागा पुढंमागं झाली की रुसलीच. पण महिन्याभरात ओळख झाली. मग एक दिवस लीना मॅडम म्हणाल्या, "पुस्तकातली उदाहरणं पुरे झाली. तुझ्या घरचं काहीतरी घे. जे खरंच साठवायचं आहे, ते. आणि हे बघ, साठवण निवडताना डिस्क की क्लाउड हा पहिला प्रश्न नसतो. पहिला प्रश्न, हे परत वाचणार कोण आणि कसं."

मोनिकानं वर पाहिलं. माळ्यावर नानांचे दोर टांगलेले होते.

आता या दोरांचं सांगायला हवं. वस्तीची एकच मोठी विहीर. मोनिका जन्मली त्या वर्षी नानांनी विहिरीचं पाणी मोजून वहीत लिहायला सुरुवात केली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत ती वही वाळवीनं खाल्ली. नाना हट्टी. म्हणाले, कागदाच्या नादी लागणं न्हाई. बांधावरच्या घायपाताचा वाख काढून त्यांनी दोर वळला. दर अमावास्येला टोकाला दगड बांधून दोर विहिरीत सोडायचा, दगड तळाला टेकला की वर ओढायचा, आणि जिथवर दोर ओला झाला तिथं चिंधी बांधायची. चैत्राच्या चिंधीला एक गाठ, वैशाखाच्या चिंधीला दोन, असं फाल्गुनापर्यंत. पाडव्याला जुना दोर माळ्यावर आणि नवा विहिरीवर. असे एकोणतीस दोर झाले, मग नाना दोर वळायचंच विसरले.

मोनिकानं एकेक दोर खाली उतरवला, अंगणात सरळ पसरला आणि टेपनं मापला. दगडापासून चिंधीपर्यंत किती हात पाणी, ते लॅपटॉपवर घातलं. चिंध्या पाहताना तिला गुंगी आल्यासारखं व्हायचं. हिचा रंग आईच्या जुन्या लुगड्याचा, ही ओंकारच्या झबल्याची, ही आपल्या शाळेच्या निळ्या फ्रॉकची. पहिलीत असताना विहिरीत किती पाणी होतं, ते त्या निळ्या चिंधीत होतं. दुपारी उन्हानं पत्रा तडतडायचा, वाऱ्यानं दोर हलायचे, आणि तिला वाटायचं, आपण पुन्हा त्याच थंडगार खोलीत आहोत, फक्त इथं लाल दिवे लागत नाहीत.

प्रोग्राम पहिल्यांदा अडला तो दोरांवरच. तिनं वर्षाचे बारा महिने सांगितले होते, आणि काही दोरांना चिंध्या निघाल्या तेरा. तेराव्या चिंधीला गाठच नव्हती. प्रोग्रामनं ती चूक समजून फेकून दिली. रतनबाई धान्य निवडत होती, ती म्हणाली, "अगं, धोंड्याचा महिना त्यो! त्याला कशाला गाठ बांधतील? देवाचा महिना." मोनिका कपाळाला हात लावून हसली. लीना मॅडमना सांगितलं तर त्याही इतक्या हसल्या, की त्या दिवशीचा तास तसाच गेला.

असं करत महिन्याभरात आलेख तयार झाला. तिनं तो तीन ठिकाणी ठेवला, पेन ड्राइव्हवर, लॅपटॉपवर आणि क्लाउडवर. अकरा वर्षांची सवय, ती कुठं जाणार?

आलेख पाहायला सगळ्यांत उतावळा होता ओंकार, तिचा धाकटा भाऊ. त्याला आणि वस्तीवरच्या आठ घरांना संत्र्याची बाग धरायची होती. पाणी त्या एकाच विहिरीचं. नानांचा नियम सगळ्यांना पाठ होता: वैशाखातल्या अमावास्येला नऊ हात पाणी टिकत असेल तरच बाग, न्हाईतर झाड लावून मारायचं पाप घेऊ नका. नानांचं डोकं शाबूत होतं तोवर ते दर पाडव्याला दोर घेऊन लिंबाखाली यायचे, हातानं मापून सांगायचे, आणि लोक ऐकायचे. आता सांगणारं कोणी नव्हतं. रविवारी लिंबाखाली बैठक ठरली, आणि मोनिकानं आलेख दाखवायचा होता.

"ताई, सांग की एकदाचं!"

मोनिकानं लॅपटॉप त्याच्याकडं फिरवला. एकोणतीस वर्षांत वैशाखाचं पाणी नऊ हातांच्या खाली फक्त चार वेळा गेलं होतं.

"चारच?" ओंकारनं टाळी वाजवली. "म्या सांगत हुतो! नाना उगं भ्यायचे. आता बाग पक्की. सोमवारी रोपं आनतो."

"आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं म्हणायचे तुझे नाना," रतनबाई आतून म्हणाली. "पुन्यांदा बघ गं मोनिका. धा येळा बघ."

"बघितलंय आई. मशीन आहे ते, खोटं कशाला बोलेल?" असं म्हणताना मोनिकाला फार बरं वाटलं. तिनं लिहिलेली पहिली गोष्ट होती ती, आणि आठ घरं तिच्यावर विसंबणार होती. राखणदारीत असं सुख तिला कधी मिळालं नव्हतं.

शनिवारी दुपारी तिचा डोळा लागला. स्वप्नात ती पुण्याच्या खोलीत होती. कपाटांतून वायरींच्या जागी दोर लोंबत होते, आणि खाली फरशी नव्हती, पाणी होतं. पाणी दोरांवरून हळूहळू वर चढत होतं. एकेक चिंधी ओली होत होती आणि ओली झाली की कुजबुजत होती, पण काय ते कळत नव्हतं. निळी चिंधी ओली होणार एवढ्यात कुठंतरी पाणी डुचमळलं आणि ती जागी झाली.

आवाज मात्र खरा होता. नाना अंगणातल्या हौदापाशी उकिडवे बसले होते. एक दोर त्यांनी खाटेवरून उचलला होता आणि हौदात बुडवला होता, चिंध्यांसकट.

"नाना! अहो नाना, काय करताय!" मोनिका अनवाणीच धावली. भाजणारी फरशी तिला कळलीसुद्धा नाही. अकरा वर्षांत तिनं कोणाचं काही हातचं जाऊ दिलं नव्हतं, आणि इथं मूळ ऐवजच पाण्यात! तिनं दोर ओढला, नानांनी सोडला नाही. हात केवढे घट्ट त्यांचे.

"भिजू दे," नाना म्हणाले.

"अहो, खराब होईल ते!"

"दोराला पानी पाजल्याबिगर त्यो खरं बोलत न्हाई." ते तिच्याकडं पाहतही नव्हते. बोट पाण्यात फिरवत होते, जनावराला पाणी दाखवावं तसं. बऱ्याच वेळानं त्यांनी दोर उचलला, निथळू दिला, आणि दगडाच्या बाजूनं कोपरापासून बोटांपर्यंत हात लावत मापायला लागले. एक, दोन, तीन. दोन गाठींच्या चिंधीपाशी थांबले. "आठ आन् वर चार बोटं."

मोनिकाच्या आलेखात त्याच चिंधीला नऊच्या वर होतं.

तिनं टेप आणला. तोच दोर, तीच चिंधी, आणि माप कमी. दहा हातांमागं जवळजवळ एक हात कमी! ओला झाला की वाख फुगतो, पीळ आवळतो आणि दोर आखडतो. नानांनी चिंधी बांधली तेव्हा दोर विहिरीतून नुकता निघालेला, ओला. मोनिकानं मापला तो माळ्यावर वर्षानुवर्षं वाळून लांबलेला. म्हणजे तिचं मशीन विहिरीत नसलेलं पाणी दाखवत होतं, आणि ते तिनं मोठ्या निगुतीनं तीन ठिकाणी जपून ठेवलं होतं!

तिला ओंकारचं बोलणं आठवलं. लहानपणी पाडव्याला नाना दोर आणायचे तेव्हा तो ठिबकत असायचा, म्हणे. सगळ्यांना वाटायचं, विहिरीवरून आणला म्हणून. कोणी विचारलं नाही, आणि नानांनी सांगितलं नाही. परत वाचणार कसं, हे तिनंही कुठं विचारलं होतं?

संध्याकाळपर्यंत तिनं आणि रतनबाईनं मिळून सगळे दोर भिजवले आणि पुन्हा मापले. नऊ हातांच्या खाली चार वर्षं नव्हती. सतरा होती.

रविवारी लिंबाखाली माणसं जमली. मोनिका पुढं आली. चूक आपली, पहिलीच, आणि ती चारचौघांत सांगायची. ओंकार पुढंच बसला होता, आदल्या रात्री तो रोपं ठरवून उशिरा आला तेव्हा त्याला तिनं काही सांगितलं नव्हतं. धीरच झाला नव्हता. तिनं रात्रभर वाळवलेला एक दोर आणि पाण्याची बादली आणली, आणि बाग मागणाऱ्यांच्याच हातात टेप देऊन तो आधी कोरडा आणि मग भिजवून मापायला लावला. "मी कोरडे दोर मापले होते," ती म्हणाली. "माझं चुकलं. या विहिरीवर बाग टिकायची नाही."

मापणाऱ्यांनी टेप पुन्हा एकदा लावून पाहिला. मग ओंकार उठला. "कालपर्यंत मशीन खोटं बोलत न्हाई म्हनत हुतीस," तो म्हणाला, आणि चपला घालून निघून गेला. तिला ते लागलं. पण बाकीचे बसून राहिले, ओला दोर हातोहात फिरला, आणि शेवटी गहिनीनाथ नावाचे म्हातारे काका म्हणाले, "पोरी, रोपं वाळल्यावर सांगितलं असतंस तर काय करनार हुतो आमी? राहू दे बाग. हरभरा हाय, जवारी हाय."

ओंकार दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बांधावरून घायपाताची पानं तोडून आणली आणि तिच्यापुढं टाकली. "नवा दोर लागंल ना," एवढंच बोलला.

प्रोग्राम तोच राहिला, मापं तेवढी नवी घातली. त्या मापांच्या वर मोनिकानं वाचणाऱ्यासाठी मराठीत लिहून ठेवलं, 'दोर आधी भिजवा, मग मापा.' परीक्षेला तिनं तोच प्रोग्राम पाठवला, चुकीसकट सगळी हकीकत लिहून. निकाल यायचा होता. लीना मॅडम म्हणाल्या, निर्धास्त राहा. पण निर्धास्त राहणं कोणाला जमलंय?

अमावास्या आली. नानांनीच वळला होता नवा दोर. वाख हातात दिल्यावर त्यांना काही सांगावं लागलं नव्हतं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं रतनबाई त्यांच्या हट्टावरून जन्मभर म्हणत आली, त्या दिवशीही म्हणाली, फक्त डोळे पुसत. कोवळं ऊन पडलं होतं. मोनिका त्यांचा हात धरून विहिरीपाशी घेऊन गेली. दीड वर्ष सगळेजण त्यांना ओट्यावर बसवून विचारत होते, ही कोण, तो कोण, सांगा बरं. विहिरीवर मात्र त्यांना कोणी आणलं नव्हतं.

नाना काठावर वाकले. खालून गारवा आला, पाण्याचा वास आला. त्यांनी ओंजळ पुढं केली, तिनं बादलीतलं पाणी त्यांच्या हातांवर घातलं, आणि ते हात ओले धरून तसेच उभे राहिले. मोनिका दगड बांधायला खाली बसली.

"सैल बांधतीस मोने," नाना वरून म्हणाले. "ल्हानपनापासून सैलच बांधतीस. दोन पीळ दे."

तिनं मान वर केली नाही. डोळ्यांतलं पाणी दगडावर टपकत होतं, आणि ती दोराला दोन पीळ देत होती.