खड्ड्याला गोधडी

लालसरीने संडासाचा पाइप गोबरगॅसच्या खड्ड्याला जोडून घेतला, त्या दिवसापासून तिच्या सासूने, म्हणजे आमांनी, गॅसवरचं अन्न सोडलं. अंगणाच्या कोपऱ्यात तीन दगड मांडून त्या आपलं वेगळं शिजवू लागल्या. सून हट्टी, सासू तिच्याहून हट्टी. मधल्यामध्ये नरजितचे, म्हणजे लालसरीच्या नवऱ्याचे, हाल. दोन्हीकडे जेवायचं आणि दोन्हीकडच्या शिव्या खायच्या.

शेवटी पैज लागली.

"संक्रांतीच्या सणाची कोनफळं तुझ्या त्या संडासाच्या जाळावर पूर्ण शिजली, तर खाईन मी," आमा म्हणाल्या. "नाहीतर पाइप उपटायचा आणि मुकाट्याने चुलीपाशी बसायचं."

लालसरी हो म्हणून बसली. चूल म्हणजे दर दोन दिवसांनी डोंगरातून लाकडाचा भारा, तोही तिच्या दुखऱ्या गुडघ्यांवर, शिवाय डोळ्यांत धूर. ते तिला आता मेलं तरी नको होतं.

पण पौष लागला, नेपाळातल्या पाल्पाच्या डोंगरात थंडी पडली आणि गॅसने मान टाकली. सकाळचा चहा उकळायच्या आत ज्योत विझायची. म्हैस तीच, शेण तेवढंच, घरातली माणसंही नेमाने जात होती. मग गॅस गेला कुठे? लालसरीने घाबरून खड्ड्यात दुप्पट शेण कोंबलं, वर ओढ्याचं गारेगार पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी चहाचं पाणी कोमटसुद्धा होईना.

आमा ओट्यावर नाचणीची जांड गाळत होत्या. त्यांच्या हातच्या दारूसाठी पलीकडच्या डोंगरावरून लोक यायचे. दोन दिवस त्यांनी नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना.

"अगं ए शहाणे! जांडीच्या मडक्यात कधी गार पाणी ओततेस का?"

"नाही, आमा."

"थंडीत मडकं उघड्यावर ठेवतेस?"

"पेंढ्यात ठेवते, वर घोंगडी घालते."

"मग खड्ड्याने काय घोडं मारलंय? त्यातलंही आंबायचंच आहे ना? आंबायला ऊब लागते, बाई!"

झालं, आमांनी पदर खोचला. शेण म्हशीखालचं गरम असतानाच उन्हात तापलेल्या पाण्यात कालवायचं, तेही मोजकंच. खड्ड्याच्या घुमटावर भाताचा पेंढा, त्यावर वाफाळणाऱ्या खताचा ढीग, आणि सगळ्यावर आमांची स्वतःची गोधडी.

"आई, तू नेमकी कोणाच्या बाजूने आहेस?" नरजितने विचारलं.

"माझ्या देखत एखादी गोष्ट आंबायची राहिली, असं आजवर झालेलं नाही. तू गप शेण उचल!"

हळूहळू चहा होऊ लागला, मग भातही. संक्रांतीला कोनफळांचं पातेलं चढलं. ज्योत छान निळी होती. पाऊण तास झाला, तशी ती पिवळी पडली, बुटकी झाली आणि गेली.

लालसरीने फोडीला सुरी टोचली. मधोमध अडली. तिला रडूच कोसळलं. पंधरा मिनिटं, फक्त पंधरा मिनिटं आणखी हवी होती.

आमा पुढे आल्या. पातेल्यातली एक फोड घेतली आणि उरलेल्या चार दातांनी तोडली. कच्च्या कोनफळाचा कुटुक आवाज तिघांनाही ऐकू गेला.

"शिजलंय," आमा म्हणाल्या, आणि दुसरी फोड उचलली.