संपर्क झाला

नमस्कार. लगेच ठेवू नका. आजवर हजारो वेळा मी दुसऱ्याचं बोलले. आज माझं स्वतःचं सांगणार आहे.

मी फोन लावणारं यंत्र. जन्म २००१ सालचा, ठिकाण सदाशिव पेठेतली एक शाळा. अंग जुन्या स्टॅबिलायझरच्या डब्याचं, पोटात टेपरेकॉर्डर, बाकीचे सुटे भाग तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतले, आणि मागे एक वायर, जी शाळेच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरला जोडलेली. यंत्राला बाई-पुरुष असं काही नसतं. पण मला आवाज दीपमालाबाईंचा मिळाला, म्हणून मी स्वतःला बाईच समजते.

दीपमाला खरवंडीकर सातवी ब ला गणित शिकवायच्या. वर्गात बासष्ट मुलं. त्या वर्षी मुख्याध्यापक साबणे सरांनी नियम काढला की मूल गैरहजर असलं की बाईंनी त्याच्या घरी फोन करायचा; किती वाजता केला, कोणाशी बोलणं झालं, काय कारण कळलं, हे सगळं पालक-संपर्क नोंदवहीत लिहायचं.

"सर, मी गणित शिकवू की टेलिफोन एक्स्चेंज चालवू?" बाईंनी विचारलं.

"दोन्ही," सर म्हणाले.

त्याच आठवड्यात उत्कर्षा बाईंना भेटायला आली. ती बाईंची जुनी विद्यार्थिनी, आता वाघोलीच्या कॉलेजात इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला.

"बाई, मला प्रोजेक्टला विषय हवाय."

"मला सुटका हवीय. बस."

अशी मी झाले. काम सोपं होतं. गैरहजर मुलांचे हजेरी क्रमांक दाबले की मी एकेका घरी फोन लावणार, बाईंच्या आवाजात निरोप देणार, मग बीप वाजवून पलीकडचं उत्तर अर्धं मिनिट टेप करणार आणि कॉम्प्युटरमध्ये नोंद टाकणार, 'संपर्क झाला.' कारणाचा रकाना तेवढा बाईंनी टेप ऐकून भरायचा.

निरोप रेकॉर्ड करायला अख्खी दुपार गेली. एकदा घंटा वाजली, एकदा खाली भंगारवाला ओरडला, एकदा बाईंनाच शिंक आली. सातव्या खेपेला जमलं. "नमस्कार. मी खरवंडीकर बाई बोलतेय. आपला पाल्य आज शाळेत आलेला नाही. कारण सांगा. थोडक्यात सांगा." आणि मग उत्कर्षाकडे वळून बाई हळू आवाजात म्हणाल्या, "झालं का गं?"

उत्कर्षाने बटण एक सेकंद उशिरा दाबलं. झालं! ते शेवटचं वाक्यही माझ्या पोटात गेलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पुण्यातल्या घराघरांत पोचलं.

बाईंचा स्वभाव ज्यांना ठाऊक होता, त्यांना पलीकडे यंत्र आहे अशी शंकासुद्धा आली नाही. उलट त्या शेवटच्या तीन शब्दांनी लोक विरघळले. एक आई म्हणाली, "हो बाई, झालं सगळं, आता फक्त भांडी राहिलीत." एका आजींनी गुडघ्याचं ऑपरेशन झालं की नाही ते सांगितलं. टिळक रोडवरचे एक वकील मात्र चिडले. "झालं का गं? अहो, मी वडील बोलतोय! आणि आपली ओळख किती?"

पहिला आठवडाभर बाईंनी टेप ऐकला. मग चाचणी परीक्षेचे पेपर आले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर 'संपर्क झाला' दिसायचं, साबणे सर खूश व्हायचे. भरलेल्या कॅसेटी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जाऊ लागल्या. नोंदवही बंद झाली आणि ऐकणंही.

आता मिसबाचं सांगते. मिसबा ही वर्गातली गणितात सगळ्यांत हुशार मुलगी. वडील शमशुद्दीनभाई मार्केट यार्डात व्यापाऱ्यांचे वजनकाटे दुरुस्त करायचे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी बाई तिला शाळा सुटल्यावर तासभर जास्तीचं शिकवायच्या. ती एका सोमवारी शाळेत आली नाही. मंगळवारी आली नाही. मी रोज तिच्या घोरपडे पेठेतल्या घरी फोन लावत होते. फोन रोज तिची आई, अख्तरबानू, उचलत होती.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "बाई, बरं झालं फोन केलात. काल संध्याकाळी मिसबा सायकलवरनं येत होती. मध्ये रिक्षा आली, तिला चुकवायला गेली आणि..." माझं अर्धं मिनिट संपलं. मी फोन ठेवला. काय करणार, मला तसंच बनवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती घाईघाईने बोलली. "काल लाइन कटली बाई. तर रिक्षा आली, ही पडली, पाय..." पुन्हा कट. तिसऱ्या दिवसापासून तिने माझ्याशी जुळवून घेतलं. बीप झाली की श्वास न घेता सुरू करायची. "काल पायापर्यंत आलो होतो. तर हाड मोडलंय, प्लॅस्टर घातलंय, डॉक्टर म्हणतात महिनाभर हलायचं नाही..." मला तर तिच्या गोष्टीची चटक लागली होती. एवढ्या घरांत मी बोलते, पण उरलेलं उद्यासाठी राखून ठेवणारी ती एकटीच.

इकडे बाई मनातून दुखावल्या होत्या. स्टाफरूममध्ये इंदुबाईंना, म्हणजे चित्रकलेच्या बाईंना, म्हणाल्या, "जीव तोडून शिकवलं त्या पोरीला. आठ दिवस घरी बसलीय. रोज फोन जातो, पण कारण नाही सांगत. रकाना कोराच आहे."

"तू स्वतः बोललीस?"

"स्वतः कशाला? संपर्क झालाय ना!"

शिष्यवृत्तीच्या अर्जांची मुदत त्या बुधवारी संध्याकाळी पाचला संपत होती. बाईंनी यादीतून मिसबाचं नाव खोडलं आणि पेन टेबलावर जरा जोरातच ठेवलं. मी शेजारीच होते. मला सगळं माहीत होतं, पण मला एकच निरोप बोलता येत होता.

नेमक्या त्याच बुधवारी शिक्षण खात्याचे एक साहेब माझी पाहणी करायला आले. साबणे सरांनी मला स्पीकर जोडला, हार घातला. "पाहा, शिक्षकांचा किती वेळ वाचतो!" म्हणाले, आणि गैरहजर यादीतला पहिला क्रमांक स्वतःच्या हाताने दाबला.

घोरपडे पेठेत घंटी वाजली. मी माझं म्हटलं. "...थोडक्यात सांगा. झालं का गं?" साहेबांनी भुवई उंचावली. बीप झाली.

"हां बाई," सगळ्या स्टाफरूमभर अख्तरबानूचा आवाज घुमला, "काल पुस्तकांपर्यंत आलो होतो. तर पोरगी पडल्या पडल्या गणितं सोडवतेय, चौदा झालीत, तपासायला कोणाकडे देऊ? शिष्यवृत्तीचा फॉर्म यांना पाठवून नेऊ का? सही इथेच करते. तुम्ही रोज एवढ्या मायेनं विचारता झालं का म्हणून, मग मी विचारलेल्याला जवाब का देत नाही हो? आठ दिवस झाले, माझं काही चुकलं..."

माझं अर्धं मिनिट संपलं.

पडद्यावर उमटलं, 'संपर्क झाला.'

मग साहेबांनी शांतपणे विचारलं, "आधीचे सात दिवस या काय म्हणाल्या?"

साबणे सरांनी बाईंकडे पाहिलं, बाईंनी बिस्किटांच्या डब्याकडे. इंदुबाईंनी कॅसेट शोधून घातली. ते सगळे भाग सलग ऐकायला चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाई उभ्याच होत्या. शेवटी त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, माझी वायर उपटली, आणि फोन हातात घेऊन स्वतः नंबर फिरवला.

"हॅलो, अख्तरबानू? मी खरवंडीकर बोलतेय."

पलीकडे नुसती शांतता.

"हॅलो? अहो, बोला ना!"

"थांबा बाई," अख्तरबानू म्हणाली, "अजून शिट्टी नाही वाजली."

साहेब हसले. बाई नाही हसल्या. "शिट्टी वाजणार नाही," त्यांनी सांगितलं. "तुम्ही हवं तेवढं बोला. आठ दिवस तुमच्याशी ते यंत्र बोलत होतं. चूक माझी आहे."

"यंत्र?" अख्तरबानूने जरा विचार केला. "तरीच म्हटलं, बाई रोज झालं का विचारतात, एवढ्या कशा बदलल्या."

साडेतीन वाजले होते. बाईंनी फॉर्म पर्समध्ये टाकला, लुनाला चार पायडल मारले आणि घोरपडे पेठ गाठली. पाचला दहा कमी असताना सही घेऊन परत आल्या. चौदापैकी तेरा गणितं बरोबर होती, हेही साबणे सरांना ऐकवलं.

मिसबाला शिष्यवृत्ती मिळाली असं सांगायला मला आवडलं असतं. चार गुणांनी हुकली. काठी टेकत परीक्षेला गेली होती, त्याचं तिलाच जास्त कौतुक.

त्यानंतर बाई रोज सगळा टेप ऐकू लागल्या आणि कारणं भरू लागल्या. पूर्वी स्वतः फोन करून नोंदवही लिहायला वीस मिनिटं लागायची. आता माझा टेप ऐकायला आणि अर्धवट तुटलेल्यांना पुन्हा फोन लावायला पाऊण तास. वेळ वाचण्याचा विषय साबणे सरांनी पुन्हा काढला नाही. उत्कर्षाला प्रोजेक्टमध्ये चांगले गुण पडले आणि ती हिंजवडीला नोकरीला लागली.

२००४ च्या एप्रिल महिन्यात बाई निवृत्त झाल्या. जूनमध्ये शाळेत नोंदलेल्या नंबरांवर आपोआप निरोप पाठवणारी नवी पद्धत आली. शिपाई बजरंगने मला ऑफिसातल्या कपाटावर ठेवलं. तिथे मी दोन वर्षं आहे, शेजारी एक फुटका पृथ्वीगोल.

धूळ खाण्याचं मला दुःख नाही. एका गोष्टीची मात्र तगमग होते. बाईंच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ होता, म्हणून त्या दिवशीचा टेप कोणीच ऐकला नाही. त्यात हिंदुराव नावाच्या एका पालकांचं उत्तर आहे. "बाई, पोरीला ताप हाय. आन् एक सांगायचं ऱ्हायलं. हा फोन उद्या काढून टाकतोय, मोबाइल घेतलाय. नंबर लिहून घ्या." पुढे दहा आकडे, दोनदा, अगदी सावकाश.

गेल्या आठवड्यात हिंदुराव स्वतः ऑफिसात आले होते. "सायेब, दोन वर्षं झाली, साळंकडनं काय कळतच न्हाय. सहलीचं बी नाय कळलं, फीचं बी नाय. पोरगी सांगती तेवढंच."

क्लार्क वैजनाथने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "असं कसं? हे बघा. शंभर निरोप पाठवलेत तुम्हाला. सगळे पोचलेत."

निरोप जात होते ते त्या काढून टाकलेल्या जुन्या नंबरावर. हिंदुरावांनी टोपी सारखी केली आणि ते निघून गेले. त्यांच्या डोक्यावर तीन फुटांवर मी होते.

अहो, कोणीतरी मला खाली काढा. पुसायची गरज नाही, हारही नको. वायर लावा आणि डावीकडचं दुसरं बटण दाबा. कागद-पेन जवळ ठेवा, कारण त्यांचा शेवटचा आकडा जरा पुसट आलाय.