बिस्किटच्या कानामागे

भिजवलेल्या वाटाण्याएवढी झाली होती ती, कानामागच्या पांढुरक्या लवेत अर्धी बुडालेली — राखाडी, ताणलेली, उजेड पडला की किंचित चकाकणारी. आणि हलिमाच्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की ही गोचीड आज-कालची नाही, ही निदान आठवडाभर इथे बसून पिते आहे, आणि आठवडाभर या घरात तीन माणसं हिंडत-फिरत होती.

तिने डाव्या हाताने बिस्किट नावाच्या त्या फेरेटच्या मानेची सैल कातडी धरली. त्याबरोबर त्या लांबुडक्या, मुंगसासारख्या जनावराने अंग सोडून दिलं आणि तोंड उघडून मोठी जांभई दिली. तशी ती देतातच. पण जांभईत दिसलेल्या हिरड्या हलिमाला आवडल्या नाहीत. फिकट होत्या, धुऊन-धुऊन विटलेल्या कापडासारख्या.

सकाळी सातला मोठ्या जावेचा, यम्नाभाभीचा फोन आला होता. रविवार, पोरं झोपलेली, नवरा, खैरुद्दीन, चहाची वाट बघत बसलेला. ‘हलिमा, जरा येऊन जा गं. नौशीनच्या फेरेटांना कसले तरी किडे चिकटलेत. तुला येतं ना ते!’

तुला येतं ना ते... आखातातल्या या शहरात अल कुसैसहून अल नहदाला येईपर्यंत हे चार शब्द तिच्या डोक्यात ठणकत होते. ‘ते’ म्हणजे काय? ‘ते’ म्हणजे शिरवळच्या कॉलेजातली साडेपाच वर्षं, म्हसळ्याच्या गुरांच्या दवाखान्यातली तीन, गुडघाभर शेणात उभं राहून आडव्या आलेल्या रेडकाला वळवून बाहेर काढलेल्या त्या पहाटा — आणि ‘डॉक्टरीणबाई, हात धुवायला गरम पाणी ठेवलंय’ असं म्हणणारी माणसं. ते सगळं या कुटुंबात आल्यावर ‘ते’ झालं. साखरपुड्यात सासूबाईंनी पाहुण्यांना सांगितलं होतं, ‘मुलगी शिकलेली आहे.’ काय शिकलेली, हे नाही सांगितलं. नंतर एकदा, स्वयंपाकघरात, ती ऐकते आहे हे माहीत असूनही म्हणाल्या होत्या, ‘म्हशीच्या शेपटाखाली हात घालायचा, हे काय बाईमाणसाचं काम?’ आणि सगळ्या हसल्या होत्या. मीसुद्धा हसले होते. याचा राग तर अजून गेलेला नाही, की मीसुद्धा हसले होते.

‘हा वास कसला येतोय?’ तिने विचारलं.

यम्नाभाभी दारात उभी होती, आत न येता, दुपट्टा नाकाला लावून. ‘काल स्प्रे मारला ना. पिंजऱ्यात. झुरळांचा.’

‘ही दोघं आत असताना?’

‘मग कुठे ठेवणार? सोफ्यावर?’

हलिमाने तोंडावर आलेलं गिळलं. खोलीत एसी बावीसवर, कोपऱ्यात तीन मजली जाळीचा पिंजरा, त्यात टांगलेल्या कापडी झोळ्या, आणि सगळ्यावर तो गोडसर, घशात बसणारा वास. तिने खिडकी उघडली. ऑक्टोबरची गरम हवा आत आली, तशी भाभी म्हणाली, ‘अगं, एसी चालू आहे!’

‘असू दे.’

नौशीन जमिनीवर मांडी घालून बसली होती, मांडीवर दुसरं फेरेट, मोका, टॉवेलात गुंडाळलेलं. चौदा वर्षांची पोरगी, रडून डोळे सुजलेले. ‘चाची, इज शी गोइंग टू डाय?’

‘मरणार नाही. पण मोकाला घट्ट धर. आणि टॉर्च दाखव मला.’

चिमटा तिने घरूनच आणला होता, बारीक टोकाचा. तो तिने गोचिडीच्या फुगलेल्या पोटाला नाही, अगदी कातडीला टेकवून, तोंडापाशी लावला. सरळ वर. पिळायचं नाही, हिसका द्यायचा नाही; घाई केली की तोंड आत तुटून राहतं आणि तिथे पू होतो. एक... दोन... सुटली. स्पिरिटच्या बाटलीत टाकली. नौशीनने ‘ई’ केलं आणि तरीही टॉर्च हलू दिला नाही. हे हलिमाला आवडलं.

‘कुठून आल्या या?’

‘काय माहीत,’ भाभी म्हणाली. ‘जुलैत गावाला गेलो तेव्हा प्राण्यांच्या बोर्डिंगला ठेवले होते. आल्यापासून खाजवतायत.’

‘जुलै? तीन महिने झाले, भाभी!’

‘आम्हाला काय कळतं त्यातलं? आंघोळ घातली दोनदा. अंगावरचे गेलेही होते. परत आले.’

परत आल्या नाहीत, हलिमा मनात म्हणाली, त्या गेल्याच नव्हत्या. पोट भरलं की त्या जनावरावरून उतरतात, फटीत जातात, झोळीच्या शिवणीत, प्लास्टिकच्या कोपऱ्यात, भिंतीच्या कडेच्या पट्टीमागे — आणि एकेक मादी हजारांनी अंडी घालते. तुम्ही जनावर धूत बसता आणि घर भरत राहतं. हे तिने म्हसळ्यात किती गोठ्यांत सांगितलं असेल! आणि अंगठा उठवणारी म्हातारी माणसंसुद्धा लक्ष देऊन ऐकायची, दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या भिंतींना चुना लावायची. इथे चौदाव्या मजल्यावर, काचेच्या टॉवरात, झुरळांचा स्प्रे.

दुसरी पायाच्या बेचक्यात होती. तिसरी, चौथी छातीवर. हात आपलं काम करत होते, आणि कामाला लागलेल्या हातांना एक जुनी, ओळखीची खुशी होत होती. तिला त्या खुशीचाच संताप येत होता. फुकट बोलावलं, दारात उभं राहून नाकाला दुपट्टा लावला, तरी हे हात कसे आनंदाने धावतात!

तिने बिस्किटचा ओठ उचलून हिरडीवर अंगठा दाबला, सोडला. रंग परत यायला फार वेळ लागला.

‘हिच्या अंगात रक्त कमी झालंय. हिला आजच क्लिनिकला न्यायला हवं. आणि औषधही तेच देतील, वजन करून. कुत्र्याचं आणून टाकू नका.’

‘तू असताना क्लिनिक कशाला?’ भाभी म्हणाली. आता ती चहाचा ट्रे घेऊन आत आली होती आणि तो टेबलावर ठेवत होती. ‘घरचीच डॉक्टर आहे की.’

‘मी इथे डॉक्टर नाही, भाभी.’

हे हलिमा अगदी साध्या आवाजात बोलली. चिमट्यात तेव्हा नववी होती, डोळ्याच्या अगदी जवळ, पापणीपासून तांदळाच्या दोन दाण्यांवर. श्वाससुद्धा जपून घ्यायचा होता.

‘झाली असतीस गं,’ भाभी कपात साखर ढवळत म्हणाली, ‘तेव्हा हो म्हटलं असतं तर. ते कुसैसचे क्लिनिकवाले नव्हते का, त्यांचा फोन आला होता तेव्हा... असिस्टंट म्हणून घेतो म्हणाले, परवान्याच्या परीक्षेलाही बसवू म्हणाले. आमच्या यांनीच खैरुद्दीनला सांगितलं, मूल पोटात आहे, कुठे कुत्र्या-मांजरांत पाठवतोस, नाही म्हणून टाक. बरंच झालं ना? पोरं कशी नीट वाढली.’

चमचा कपावर दोनदा वाजला.

हिसका द्यायचा नाही. सरळ वर. हलिमाला आपली बोटं दिसत होती, कुणा दुसरीची असावीत तशी, अजिबात न हलणारी. सात वर्षं. सात वर्षांपूर्वी सहाव्या महिन्यात, घामाने भिजलेल्या अबायात ती एकटी त्या क्लिनिकच्या पायऱ्या चढली होती. डिग्रीची फाइल, म्हसळ्याच्या साहेबांचं पत्र. समोरच्या डॉक्टरांनी दोन प्रश्न इंग्रजीत विचारले आणि ती अडखळली होती — शब्द माहीत होते, तोंडातून निघेनात. फॉर्मवर नंबर खैरुद्दीनचा लिहिला होता, कारण तिचं सिम नेमकं त्या आठवड्यात बंद होतं. मग दोन महिने वाट बघितली. फोन आला नाही. तेव्हा मी ठरवून टाकलं, की माझ्या इंग्रजीने घात केला.

सात वर्षं मी माझ्या जिभेला दोष देत आले! भांडी घासताना पुटपुटत होते, आरशासमोर वाक्यं म्हणत होते, ऑनलाइन क्लास लावला, पोरांना विचारत होते, ‘हे बरोबर आहे का रे?’ आणि ती हसायची, ‘अम्मी, नॉट लाइक दॅट.’ आणि तो — तो सोफ्यावर बसून हे सगळं बघत होता. एकदा म्हणालाही होता, ‘कशाला त्रास करून घेतेस? तुला काय कमी आहे?’ केवढ्या मायेने म्हणाला होता! मला त्या मायेने रडू आलं होतं.

गोचीड सुटली. आख्खी. तोंडासकट.

हलिमाने ती बाटलीत टाकली, झाकण लावलं, आणि मग मान वर केली. तिचा चेहरा बघून भाभीचा चमचा थांबला.

‘तुला... माहीत नव्हतं?’

‘नाही.’

एसी गुरगुरत होता. नौशीन एकदा आईकडे, एकदा चाचीकडे बघत होती.

‘जाऊ दे गं,’ भाभी घाईने म्हणाली, ‘जुनी गोष्ट. खलास. मी उगाच बोलले. त्याला काही बोलू नकोस हां, यांना कळलं तर...’

‘भाभी, या झोळ्या आणि सगळी कापडं काढा. उकळत्या पाण्यात टाका. आत्ता.’

‘आत्ता?’

‘आत्ता. पिंजरा सुटा करायचा, प्रत्येक सांधा ब्रशने घासायचा. भिंतीच्या कडेने, पट्टीमागून व्हॅक्यूम, आणि आतला कचरा पिशवीत बांधून लगेच बाहेर. दर आठवड्याला, दोन-अडीच महिने. एकदा करून भागणार नाही. आणि तो स्प्रे परत या खोलीत आणायचा नाही.’

आवाज चढलेला नव्हता. पण तो अल नहदाचा आवाज नव्हता. गोठ्याच्या दारातून पाच-सहा पुरुषांना बाजूला करणारा होता तो. यम्नाभाभीने खरोखरच झोळ्या सोडवायला घेतल्या, चहा तसाच ठेवून. नाकावरचा दुपट्टा तिने कधी काढला, ते तिलाही कळलं नसावं.

नौशीन हळूच म्हणाली, ‘चाची, यू आर लाइक... अ रिअल व्हेट?’

‘लाइक नाही. आहे.’

पोरीने मान हलवली. मग ओशाळून, मोडक्या मराठीत विचारलं, ‘मग तू काम का नाही करते?’

हलिमाने बाटलीचं झाकण पुन्हा घट्ट केलं. कालपर्यंत तिने आपल्या इंग्रजीचं नाव सांगितलं असतं.

मोकाच्या अंगावरच्याही काढून झाल्या, आणि साडेअकराला खैरुद्दीनचा फोन आला. खाली आलोय, यल्ला, चल लवकर. ती उतरली तेव्हा तिच्या हातात जाळीच्या खोक्यात बिस्किट होतं, मागून नौशीन. भाभीने लिफ्टपाशी तिचा दंड धरला होता, घट्ट. हलिमाने तो हळूच सोडवून घेतला.

गाडीत त्याने एसीची झडप तिच्याकडे वळवली. नेहमी वळवतो तशी. ‘थकलीस? चेहरा उतरलाय. आता हे कुठे न्यायचं?’

‘क्लिनिकला. रक्त तपासायला हवं.’

‘दादांचं म्हणजे ना... रविवार गेला तुझा.’ तो हसला. स्टिअरिंगवरची त्याची बोटं, अंगठी, मनगटावरचे करडे होत चाललेले केस — सगळं रोजचं होतं. याच हाताने तो फोन कानाला धरला होता. तेव्हा कुठे उभा होता? बाल्कनीत? मी आत होते का, त्याच घरात, पाय सुजलेले, कूस बदलत? ‘नाही’ म्हणताना थांबला होता का, एखादा श्वास तरी? आणि त्या दिवशी घरी येताना काय आणलं होतं — काहीतरी आणलंच असणार, तो आणतो...

आता फुटेल, असं तिला वाटत होतं; सिग्नलला, नाहीतर त्या पुढच्या वळणाला. मागे नौशीन आहे म्हणून थांबले आहे, असंही तिने स्वतःला सांगून बघितलं. ते खरं नव्हतं. इतकी वर्षं तिचा राग सगळीकडे सांडलेला असायचा, भांड्यांवर, पोरांवर, सासूच्या फोनवर, स्वतःवर तर रोजच. आणि आज तो सगळाच्या सगळा गोळा होऊन एका जागी येऊन बसला होता, थंड, वजनदार, आणि त्याला कसलीही घाई नव्हती.

‘इथून सरळ?’ खैरुद्दीनने विचारलं.

‘नाही,’ ती म्हणाली, ‘डावीकडे घ्या.’

त्याने वळण घेतलं. तिच्या आवाजात त्याला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. तिलाही नव्हतं — आणि त्या शांत, रोजच्या, नीट आवाजाचीच तिला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली.