दोन मिनिटांचा लेटमार्क

मिनिटकाकांशी एक शब्द बोलायचा नाही, असं बाइंडरताईने दोन महिन्यांपूर्वी ठरवलं होतं, आणि तेव्हापासून ती दर शनिवारी त्यांच्याशी भांडत होती.

भांडण लागायचं वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. तिथे सकाळी दहाला एक वर्ग भरायचा. वर्ग कसला, तर सिमँटिक वेबचा. हे नाव ऐकलं की खाली पेपर वाचणारी मंडळी जिन्यापासून दोन खुर्च्या लांब सरकून बसायची. शिकवणारी मुलगी सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती. सुट्टीच्या दिवशी आराम करायचा सोडून ती हा उद्योग हौसेने करायची, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. तिचं सांगणं सोपं होतं. गावात माहिती ढीगभर आहे, पण प्रत्येक कागद आपापल्या कपाटात तोंड फिरवून बसलाय. आपण त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची. त्यासाठी प्रत्येक नोंदीची तीन तुकड्यांची वाक्यं करायची: कोण, कोणतं नातं, कोणाशी. 'बिल्ला ४१७, धारक, अमुक.' 'अमुक, मृत्यूची तारीख, तमुक.' अशी वाक्यं कंप्युटरला कळतात. मग दोन कपाटांतला माणूस एकच असला, तर तो ती दोन टोकं बरोबर बांधून देतो.

सरावाला दोन ढीग निवडले होते. एक, यंत्रं बनवणाऱ्या, आता बंद पडलेल्या कारखान्याची मस्टरं, म्हणजे हजेरीची बुकं. दुसरा, नगरपालिकेची जुनी मृत्यूनोंद. मस्टरांची पानं सुटली होती, ती शिवून द्यायचं काम बाइंडरताईकडे आलं. पुठ्ठे, सुई, खळ घेऊन ती आली आणि काम संपल्यावरही येतच राहिली. कारण त्या बुकांत तिचे वडील होते. लेथवर काम करणारे, बिल्ला नंबर चारशे सतरा. ते गेले तेव्हा ही चार वर्षांची. वडिलांचा चेहरा तिला फोटोतलाच आठवायचा, पण मस्टरात ते रोज सकाळी कामावर येत होते, शाईने, ओळीत. बावन्न वर्षांनी बाप असा रोज भेटायला लागला तर कोण घरी बसेल?

आणि शिवता शिवताच तिला तो लेटमार्क दिसला. महिन्याची सोळा तारीख. लाल शाई. 'दोन मिनिटे उशीर.' वडील गेले एकवीस तारखेला.

"पाच दिवसांनी मरणार होता हो माणूस! दोन मिनिटं सोडवली नाहीत तुम्हाला?" भर वर्गात तिने मिनिटकाकांना विचारलं होतं.

मिनिटकाका म्हणजे त्याच कारखान्याचे टाइमकीपर. ऐंशीच्या घरातले, सुतासारखे सरळ, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. गेटवर त्यांनी सख्ख्या भावालाही एक मिनिट माफ केलं नव्हतं, ही गोष्ट गावात लहान मुलांनाही ठाऊक होती. खोड अशी की वर्गातही त्यांनी स्वतःहून हजेरीची वही सुरू केली होती. दहा वाजून एक मिनिट झालं की लाल पेन निघायचं. मास्तरीणही त्यातून सुटली नव्हती.

तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "पोरी, मस्टरात जे आहे ते आहे. खाडाखोड चालत नाही."

"खाडाखोड नाही, पण माणुसकी?"

यावर ते चष्मा पुसत बसले. तिला वाटलं, काय निगरगट्ट म्हातारा आहे! रागावणं तिला जमायचं मस्त. आईही म्हणायची, हिचं नाक म्हणजे रागाचं माहेरघर. आई जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

तर त्या शनिवारी मास्तरीण म्हणाली, "पुढच्या आठवड्यात आपण हे सगळं लोकांसाठी खुलं करणार आहोत. खाली हॉलमध्ये मोठा पडदा लावू. कारखान्यातली जुनी माणसं येतील, आपापली नावं शोधतील. त्याआधी माहिती तपासून घ्यायची. कंप्युटरला अक्कल नसते, साध्या गोष्टीही नियम म्हणून सांगाव्या लागतात. सांगा एखादा."

औषधांचा दुकानदार वर्गातला विनोदवीर होता. तो म्हणाला, "मेलेला माणूस कामावर येत नाही. हेही सांगायचं का?"

"सांगायचं. छान नियम आहे."

"आमच्या दुकानात येतात बरं का काही," दुकानदार म्हणाला, आणि सगळे हसले. बाइंडरताईही हसली. मिनिटकाका हसले नाहीत, पण ते कधीच हसत नसत, त्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नाही.

मास्तरणीने नियम लिहिला. मृत्यूच्या तारखेनंतर त्या माणसाची हजेरी असू शकत नाही. बटण दाबलं. सहा हजार नोंदी भराभर हिरव्या होत गेल्या. मग पडद्यावर तळाशी एक लाल ओळ उमटली.

'बिल्ला ४१७. मृत्यू: नऊ तारीख. त्यानंतर हजर: दहा दिवस.'

"भूत!" दुकानदार ओरडला. "भूत लेथ चालवतंय!" पुन्हा हशा पिकला. मग त्याने बाइंडरताईकडे पाहिलं आणि त्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

चारशे सतरा.

"नऊ नाही, एकवीस," ती म्हणाली. "कोणीतरी चुकीचं टाइप केलंय. आम्ही दर वर्षी एकवीसलाच त्यांच्या फोटोला हार घालतो."

"असेल," मास्तरीण घाईने म्हणाली. "ताई, थांबा, आपण मूळ पान बघू."

नगरपालिकेच्या रजिस्टराचा फोटो पडद्यावर आला. नाव वडिलांचं. क्वार्टर नंबर त्यांचाच, त्याच घरात ती आजही राहत होती. तारीख नऊ, महिना तोच, वर्ष तेच. कारण: हृदयविकार, राहत्या घरी. आणि खाली, खबर देणाऱ्याची सही. पहिल्या अक्षराला मोठा गोल वळसा, शेवटच्या अक्षराची शेपटी रेघेखाली ओढलेली. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं तिने ही सही पाहिली होती. आईची सही.

बाइंडरताई पडद्याजवळ गेली. आपल्याच आईने आपल्याला बापाच्या मरणाची तारीख खोटी सांगितली? एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, जन्मभर? मग बारा दिवस तो माणूस कुठे होता? आणि सोळा तारखेला दोन मिनिटं उशिरा कोण आलं?

"बिल्ला दुसऱ्याला दिला असेल," मास्तरीण म्हणाली. "नंबर पुन्हा वापरतात ना, तसं."

"नाही."

मिनिटकाका उभे राहिले होते. खुर्चीची पाठ त्यांनी घट्ट धरली होती.

"बिल्ला दुसऱ्याला दिला नव्हता. त्या दहाही दिवसांची हजेरी मी लावली. माणूस गेलेला आहे हे माहीत असून लावली. मस्टर खोटं आहे."

मिनिटकाकांचं मस्टर खोटं? उद्या घड्याळं उलटी फिरतात म्हणून कोणी सांगितलं असतं, तर तेही लोकांनी आधी मानलं असतं.

"का?" बाइंडरताईला एवढंच म्हणता आलं.

"वीस वर्षं नोकरी पुरी झाली असती तर नियमाने तुझ्या आईला कारखान्यात काम मिळत होतं, क्वार्टर राहत होतं. एक दिवस कमी पडला तरी महिन्याभरात घर खाली. तुझ्या बापाची वीस वर्षं भरत होती वीस तारखेला. आणि तो गेला नऊच्या संध्याकाळी; पालिकेत नोंदही त्याच रात्री झाली." ते थांबले. "दहाला सकाळी तुझी आई गेटवर आली. रडली नाही. तिने बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, हा जमा करून घ्या. मी घेतला. पण खोक्यात टाकायच्या ऐवजी हजर माणसांच्या फळीवर लावला. तिला म्हणालो, बाई, घरी जा, आणि तारीख विचारली तर एकवीस सांगा. कायमची एकवीस सांगा. पोरीलासुद्धा."

"आणि काम? मशीन?"

"त्याच्या पाळीतले लोक आळीपाळीने चालवायचे. आपलं करून त्याचं करायचे. सुट्टीचा वार सोडून दहा दिवस त्याच्या लेथवर एकही काम मागे राहिलं नाही. तुझी आई डबा पाठवायची. त्या दिवशी जो मशीनवर असेल तो जेवायचा."

डबा! बाइंडरताईने तोंडावर हात ठेवला. तिची अगदी जुनी आठवण ती हीच. आई कोरड्या डोळ्यांनी डबा भरतेय, शेजारचे काका तो घेऊन जातायत, आणि घरात बाबा नाहीत. मोठेपणी तिने आईला विचारलं होतं, बाबा गेल्यावरही तू डबा करायचीस का गं? आई म्हणाली होती, तुला स्वप्न पडलं असेल. तिनेही ते स्वप्नच म्हणून ठेवून दिलं होतं.

"वरच्या ऑफिसने दाखला नाही मागितला?" दुकानदाराने हळूच विचारलं. त्याच्या आवाजात विनोद औषधालाही उरला नव्हता.

"माझ्या मस्टराला दाखला लागत नसे," मिनिटकाका म्हणाले. "जो सख्ख्या भावाला मिनिट सोडत नाही, तो खोटं लिहील असं कोणाच्या मनात येणार?"

"मग तो लेटमार्क?" बाइंडरताई जवळजवळ ओरडलीच. "मेलेल्या माणसाला उशीर कसा झाला?"

म्हाताऱ्याने पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुझा बाप आठवड्यातून एकदा तरी उशिरा यायचाच. वीस वर्षांत एक आठवडा चुकला नाही त्याचा. दहाच्या दहा दिवस वेळेवर आला असता, तर वरच्या ऑफिसला संशय आला असता."

कोणालाही हसू आलं नाही. खरं तर हसण्यासारखंच होतं ते. बाइंडरताईच्या घशातून काहीतरी निघालं, ते हसू होतं की हुंदका हे तिलाही कळलं नाही. दोन महिने तिने या माणसाला त्या दोन मिनिटांसाठी बोल लावले होते, आणि त्याने चष्मा पुसत ऐकून घेतले होते.

"तुम्हाला ठाऊक होतं," मास्तरीण म्हणाली, "हे जोडल्यावर बाहेर येणार ते. तरी तुम्ही दर शनिवारी येत होतात?"

"ही दोन बुकं आयुष्यभर दोन इमारतींत होती, म्हणून निभावलं. तू त्यांची ओळख करून देणार म्हणालीस, तेव्हाच मी समजलो. ती भेटतील तेव्हा आपण हजर असावं म्हणून येत होतो." त्यांनी हजेरीची वही टेबलावर ठेवली, लाल पेन तिच्यावर आडवं ठेवलं. "पुढच्या शनिवारी पडद्यावर लिहा, टाइमकीपरने खोटी हजेरी लावली. मस्टरात ज्यांना मी लाल केलं त्यांना कळलं पाहिजे. पोरी, मात्र तुझ्या आईला बोल लावू नकोस. ती फक्त माझ्या शब्दाला जागली."

आणि ते जिना उतरून गेले. एका हाताने कठडा धरून, एकेक पायरी.

तो आठवडा बाइंडरताईने कसा काढला, तिचं तिला ठाऊक. ती घरभर फिरली. ज्या घरात ती लहानाची मोठी झाली, ते घर दहा खोट्या हजेऱ्यांवर उभं होतं. आईवर चिडली, तिच्या फोटोशी भांडली, मग फोटो पुसून ठेवला. मधेच मास्तरणीचा फोन आला. "ताई, पान तुमच्या वडिलांचं आहे, निर्णय तुमचा. ते दहा दिवस काढून टाकले तर लाल ओळ जाईल. कोणाला काही कळणार नाही. काकांचं नावही राहील."

"नको," बाइंडरताई म्हणाली. "त्यांनीच सांगितलंय, खाडाखोड चालत नाही. दोन्ही तारखा ठेव. कोणती कोणी लिहिली आणि का लिहिली, तेही ठेव. लाल ओळ राहू दे. ती बघितल्यावर ज्याला त्यांची लाज वाटेल, त्याला माझ्याकडे पाठव."

शनिवारी खालचा हॉल गच्च भरला. जुने कामगार आले, त्यांची मुलं आली, काठ्या आल्या, श्रवणयंत्रं आली. चारशे सतराची ओळ पडद्यावर आली. नुसती वाचत राहिली माणसं. मग मागच्या रांगेतला एक थरथरता म्हातारा कोणालाही न विचारता म्हणाला, "मी दोन दिवस चालवलं होतं त्याचं मशीन. डबा चांगला असायचा."

मिनिटकाका मात्र आले नव्हते. दहा वाजले. दहा वाजून दोन मिनिटं झाली. बाइंडरताईने त्यांची वही उघडली, लाल पेन हातात घेतलं आणि काहीतरी लिहिलं.

साडेदहाला ते दारात दिसले. आत यावं की नाही अशा बेतात, वरची गुंडी लावलेली, चेहरा उतरलेला. बाइंडरताई उठली, वही घेऊन त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि पान दाखवलं.

त्यांच्या नावापुढे लिहिलं होतं: हजर. दोन मिनिटे उशीर.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग पुन्हा वहीकडे.

"ही नोंद खोटी आहे," ते म्हणाले.

"आहे," बाइंडरताई म्हणाली. "या, बसा."