डब्याची लोकरी टोपी

दुरुस्तीवाल्या बाई तिसऱ्यांदा आल्या आणि डबा शहाण्यासारखा चालू लागला. हिरवा दिवा लुकलुकतोय, पडद्यावरची पट्टी पुढे सरकतेय, तक्रारीला जागा नाही. मी कपाळाला हात लावला. सकाळपासून हाच डबा ढिम्म पडला होता आणि आता बाईंसमोर मी खोटा पडत होतो.

डबा जावयाने घेऊन दिलेला. कॉम्प्युटरमध्ये जे काही असेल त्याचा बॅकअप वायरीतून या डब्यात उतरणार आणि परदेशातल्या आमच्या लेकीला ते तिकडे बसून ऐकता येणार, असं तो सांगून गेला होता. प्रत्यक्षात बाई घरात असल्या की काम सुरू, त्या जिना उतरल्या की तासाभरात डबा बंद. मग पडद्यावर एकच रडगाणं, डबा सापडत नाही. समोर तर बसलाय! बाईंनी केबल बदलून पाहिली, राउटर हलवला, पासवर्ड नव्याने घातला. डबा काही वठणीवर येईना.

एरवी मी हे हसण्यावारी नेलं असतं. पण कॉम्प्युटरची जुनी डिस्क आता करकरायला लागली होती. ती फार दिवसांची सोबती नाही, बंद पडण्याआधी एकदा सगळं सरळ उतरून घ्या, असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. आणि त्या डिस्कमध्ये हिचा आवाज होता.

ही म्हणजे माझी बायको. हिने नोकरीभर बसस्थानकावर घोषणा केल्या. मी तिथलाच ड्रायव्हर. माझी गाडी कधी वेळेवर आली नाही आणि हिने ते कधी झाकून ठेवलं नाही. लग्नाआधीपासून माझा उशीर भोंग्यावरून गावभर जाहीर व्हायचा. सगळं स्थानक हिच्या शब्दासरशी धावायचं. घरात ऐकणारा मी एकटा, आणि तोही दुसऱ्या हाकेला.

हिच्या घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, श्वास गळ्याला ठेवलेल्या छिद्रातून घ्यायचा, आवाज मात्र राहणार नाही. ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं. तिकडे लेकीला दिवस गेलेले. ही घरी आली, पाणी प्यायली आणि कॉम्प्युटरपुढे माईक घेऊन बसली. येणाऱ्या नातवंडासाठी गोष्टी, अंगाई, दटावण्या, सगळं भरून ठेवायला लागली. मला त्या खोलीत बंदी होती, का तर मी मध्येच खोकतो. मी बाहेर बसून खोकला गिळायचो, आणि आणखीही बरंच काही गिळायचो.

मी पेन ड्राइव्हचं सुचवून पाहिलं.

"तुम्ही चष्मा हरवता, किल्ल्या हरवता. माझा आवाज खिशात घालून कुठे हिंडणार?" ही म्हणाली. विषय संपला.

तर त्या दिवशी बाईंनी जाहीर केलं की आज कशाला हात लावणार नाही, नुसती बसून बघणार. त्यांनी खुर्ची ओढली, चहा घेतला. ही समोर विणत बसली. विणकाम हे हिचं व्यसन आहे. आमच्या घरात उघडी वस्तू सापडायची नाही. टीव्हीला झालर, फोनला टोपडं, पाण्याच्या जगवर जाळी. सुटलो तो मी, आणि तेसुद्धा एका जागी बसत नाही म्हणून.

बाई काही काम करताना दिसेनात, तेव्हा ही उठली. ड्रॉवरमधून जाड लोकरीची टोपी काढली, आतून अस्तर, खाली घट्ट किनार, आणि सवयीने डब्यावर चढवली. बाई आल्या की अडचण नको म्हणून काढायची, गेल्या की धूळ नको म्हणून घालायची. मी हे दर वेळी बघत होतो. म्हणजे बघत नव्हतोच. घरातल्या घरात कोण एवढं बघतं?

बाईंनी कप खाली ठेवला. थोड्या वेळाने पट्टी अडखळली, थांबली, आणि डबा सापडत नाही असं पडद्यावर उमटलं. बाईंनी टोपी उचलून डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला. इस्त्रीसारखा तापला होता.

"काकू, याला श्वास घ्यायला जागा लागते," त्या म्हणाल्या. "फार तापला की स्वतःचा जीव वाचवायला आपणहून बंद पडतो."

हिने बाईंच्या हातातली टोपी आपल्याकडे घेतली.

"म्हणजे इतके दिवस मीच माझा गळा आवळत होते की."

मला वाटलं, आता ही रडणार. पण ही हसली. घोगऱ्या आवाजात, पोट धरधरून हसली. मग बाई हसल्या, आणि मी हसता हसता डोळे पुसायला स्वयंपाकघरात गेलो. ते हसणं कुणी भरून ठेवलं नाही, याची चुटपुट मला अजून आहे.

संध्याकाळपर्यंत सगळं डब्यात उतरलं. डिस्क तेवढा वेळ टिकली. बाईंनी खात्रीसाठी एक गोष्ट लावून पाहिली, तर झोपाळू अस्वलाची गोष्ट फलाट तीनवरून सुटत होती. लेकीचा लगेच फोन आला. ती रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. आता ही पाटीवर लिहून बोलते, आणि पाटी पुरत नाही. अंगात थोडी ताकद आल्यावर हिने पुन्हा सुई हातात घेतली आणि मोठाल्या घरांची एक पांढरी जाळी विणली. मी ती डब्याला घालायला निघालो, तर हिने माझ्या हातातून काढून घेतली, आरशापुढे उभी राहिली आणि आपल्या गळ्याला बांधली. छिद्र झाकलं गेलं आणि श्वासही मोकळा. डब्यालाही तशीच एक करायची होती, बाईंची रीतसर परवानगी काढून. पण दोरा संपला, म्हणून मला दुकानात पिटाळलं.

वाटेत जुना कंडक्टर भेटला आणि बोलण्यात वेळ गेला. मी दार उघडलं तेव्हा ही कॉम्प्युटरपुढे ताठ बसली होती, गळ्यात पांढरी जाळी. हिने घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि एक कळ दाबली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. घराकडे येणारी गाडी नेहमीप्रमाणे उशिराने धावत आहे."

जरासा घोगरा, पण तोच आवाज. मला खोलीत बंदी का होती ते आत्ता कळलं. घोषणा संपेपर्यंत मी दोरा हातात धरून दारातच उभा राहिलो.