पाचवा टायर

मेलेल्या सवतीचा हेवा करू नये, असं मला आजवर तीन जणींनी समजावलं आहे. त्या तिघींच्या घरात सवतीचं अक्षर नाही. माझ्या घरात ते गॅसच्या नळीपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत सगळीकडे आहे, पिवळ्या रंगात, ठसठशीत.

माझ्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोला लिहून ठेवायची सवय होती. टायरवाले खुणा करायला वापरतात तसलं जाड पिवळं पेन तिला मिळालं, आणि मग तिनं घरातली एक वस्तू मोकळी सोडली नाही. टाकीच्या चावीवर 'अर्धीच फिरव'. मीटरच्या पेटीत 'मधलं बटण बेडरूमचं'. पाण्याच्या फिल्टरवर 'सहा महिन्यांनी बदल, मी न सांगता'. आजारपणात तर तिनं सपाटाच लावला असावा, कारण माळ्यावरच्या ट्रंकेवरसुद्धा 'आत काही नाही, उघडू नको' असं आहे. सहा वर्षांपूर्वी ती गेली, चार वर्षांपूर्वी मी आले, आणि आल्यापासून तिचं ऐकते आहे.

नवरा लिफ्टचा मेकॅनिक. कामात चोख. घरातही त्या पिवळ्या अक्षरांचा शब्दन् शब्द पाळतो. फिल्टर सहा महिन्यांनी बदलला जातो, कुणी न सांगता. मी मात्र तीच गोष्ट चारदा सांगितली की पाचव्यांदा मान वर करून "हो, बघतो" म्हणतो. एकदा भरदुपारी गच्चीवर जाऊन मी ते 'अर्धीच फिरव' थिनरनं पुसून टाकलं. तिसऱ्या दिवशी माझ्याच हातून चावी पूर्ण फिरली, टाकी वाहिली आणि खालच्या मजल्यावरची बाई बादली घेऊन वर आली. नवरा रागावला नाही. "लिहिलं होतं ना तिथे," एवढंच म्हणाला. त्यापेक्षा रागावला असता तर बरं झालं असतं.

गाडीही तिचीच. चौदा वर्षांची, छोटी, राखाडी, दारावर एक जुना ओरखडा. मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि रोज ती गाडी घेऊन जाते. गाडीवर कुठे पिवळं अक्षर नव्हतं, म्हणून घरातली तेवढी एकच जागा मला माझी वाटायची. आत बसलं की कुणी मला काही सांगत नसे.

गेल्या महिन्यात पुलाच्या उतारावर ती घसरली. पाऊस भुरभुरत होता. पुढची व्हॅन थांबली, मी ब्रेक दाबला, आणि गाडी काही ऐकूनच घेईना. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबले. खाली उतरून बघितलं तर टायर हाताला गुळगुळीत लागले. घरी येऊन सांगितलं, तर नवरा म्हणाला, "हळू चालव जरा." दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "पुढच्या महिन्यात बघू." तिसऱ्या आठवड्यात विषय निघताच उठून नळ दुरुस्त करायला गेला, आणि नळाला काही झालं नव्हतं.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. लोकांच्या लिफ्टचे दोर तारीख बघून बदलणारा माणूस. दोराची एक तार तुटलेली दिसली तर अख्खी इमारत जिन्यानं चालवतो. आणि मी गुळगुळीत टायरवर रोज तो पूल उतरते, त्याचं याला काही नाही. ती असती तर असं म्हणाला असता का? हा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की झोपेतही बाहेर निघत नाही. म्हणून सुट्टीच्या दिवशी कुणाला न विचारता गाडी काढली आणि टायरवाल्याकडे गेले.

टायरवाला म्हातारा होता, पोट सुटलेलं, हात कोपरापर्यंत काळे. त्यानं आधी गाडी ओळखली. मग माझ्याकडे बघितलं.

"ही तर वहिनींची गाडी," तो म्हणाला. "बऱ्याच वर्षांनी आली. बोला मॅडम."

तिला वहिनी, मला मॅडम. नाकाला मिरच्या झोंबल्या.

तो खाली वाकून टायरच्या खाचेत बोट घालून बघायला लागला. मीही वाकले. चष्म्याच्या दुकानात दिवसभर बारीक आकडे वाचायची मला सवय आहे. टायरच्या कडेला लंबगोलात चार आकडे होते. विचारलं, हे काय?

"कितव्या आठवड्यात बनला आणि कुठल्या वर्षी," तो म्हणाला. "पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. लोक नक्षी बघतात, हे कुणी बघत नाही. वहिनी बघायच्या."

मी वाचलं. टायर आठ वर्षांचे होते. माझ्या लग्नाच्या दुप्पट वयाचे.

त्यानं चाक काढून पालथं केलं, आणि आतल्या बाजूला पिवळं अक्षर निघालं. 'पुढचा डावा', खाली तारीख. त्याखाली 'मागचा डावा', आणखी एक तारीख. सहा-सहा महिन्यांनी चाकांची अदलाबदल करून तिनं प्रत्येक वेळी नोंद ठेवली होती. शेवटची तारीख ती गेली त्याच्या दोन महिने आधीची. म्हणजे एवढी आजारी असताना ती इथे येऊन उभी राहिली होती.

"पेन आमच्याकडूनच नेलं होतं त्यांनी," टायरवाला कौतुकानं म्हणाला.

मला वाटत होतं की गाडीत कुणी मला काही सांगत नाही. चारही चाकांवर ती बसली होती आणि मी चार वर्षं तिच्यावरून फिरत होते. इतकी जळफळले की जवळच्या स्टुलावर बसावं लागलं.

टायरवाल्यानं तीन प्रकारचे टायर समोर आणून उभे केले. एक अगदी स्वस्तातला, त्याच्याकडे त्यानं स्वतःच नाक मुरडलं. दुसरा कडक रबराचा, खूप वर्षं जाणारा. "वहिनींनी हाच घेतला होता. डोळे मिटून घ्या." तिसरा मऊ. ओल्या रस्त्यावर घट्ट धरतो, पण लवकर झिजतो.

"तिसरा," मी म्हणाले.

"मॅडम, हा चार वर्षंही पुरणार नाही."

"नाही पुरला तर परत येईन."

"वहिनींनी फार विचार करून..."

"उतारावर वहिनी नव्हत्या, मी होते," मी म्हणाले. माझा आवाज जरा चढलाच. खरं सांगायचं तर तो दुसरा टायर सोन्याचा असता तरी मी घेतला नसता. पण ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबूनही गाडी कशी पुढे जात राहते तेही मला आठवत होतं. यातलं कुठलं कारण किती होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. टायरवाल्यानं खांदे उडवले आणि चार टायर मोजून काढले.

"पाच काढा," मी म्हणाले.

"स्टेपनी राहू द्या हो. डिकीत पडून असते, तिला काय होतंय? एकदाही वापरलेली नाही."

"पाच."

तिचा एक टायर डिकीत घेऊन मला फिरायचं नव्हतं, बाकी काही नाही. त्यानं सुस्कारा टाकून डिकीतलं सामान काढलं, पत्रा उचलला आणि स्टेपनी बाहेर काढून उलटी केली.

इथे डावा-उजवा काही नव्हतं. वळणावर वळण घेत गोल लिहिलं होतं. वाचायला मला टायरभोवती फिरावं लागलं. 'टायर पाच वर्षांचे झाले की पाचही बदल. कितीही चांगले दिसले तरी. चालढकल नको.' खाली तारीख, चाकांवर शेवटची होती तीच.

आधी मला हसू आलं. म्हणजे असं होतं तर. टायर बदलायचा हुकूम निघाला होता, पण डिकीच्या तळाशी, पालथा. नवऱ्यानं तो वाचलाच नव्हता. वाचला असता तर तीन वर्षांपूर्वीच, तारीख बघून, पाच टायर आले असते. मी महिनाभर घसा कोरडा केला, त्याला किंमत नव्हती. पिवळ्या रंगाच्या दोन ओळी दिसल्या असत्या तर हा धावत आला असता. हसू तिथेच थांबलं.

नवे बसवून टायरवाल्यानं जुने टायर भिंतीशी रचलेल्या ढिगावर टाकले. पाचवा उचलला तेव्हा मी बघत होते. जाऊ दे, असं मनात आलं. कुणाला कळणार नव्हतं. घरात एक हुकूम कमी झाला असता आणि टायर माझ्या शब्दावर आले असते. त्यानं तो ढिगावर टाकला. मी गाडीत जाऊन बसले, किल्ली फिरवली, बंद केली, आणि उतरून म्हणाले, "तो डिकीत ठेवा."

चांगुलपणा म्हणून नाही. टाकून दिला असता तर तो मला जन्मभर एकटीला दिसत राहिला असता. त्यापेक्षा दोघांना दिसू दे, असा विचार केला.

संध्याकाळी नवरा कामावरून आला तेव्हा मी खाली गाडीशीच उभी होते. त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली, चारही चाकांभोवती फिरला, अंगठ्यानं रबर दाबून बघितलं.

"चांगले आहेत," तो म्हणाला. "मऊ आहेत."

"माझ्या पसंतीचे."

"हो." मग आवाज बदलला. "आणि स्टेपनी?"

मी डिकी उघडली. नव्या स्टेपनीच्या पत्र्यावर जुना टायर आडवा पडला होता, लिहिलेली बाजू खाली. नवऱ्यानं तो उचलला, न बघता पालथा केला आणि अक्षरांवरून बोट फिरवलं. सुरुवात कुठे आहे हे त्याला शोधावं लागलं नाही.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

त्यानं टायर डिकीच्या काठावर टेकवला.

"कधीपासून?"

"ती गेली त्याच आठवड्यात. डिकी साफ करताना."

"मग तीन वर्षं?"

त्यानं टायरवरची धूळ तळहातानं पुसली. "बाकी सगळं करून झालं," तो म्हणाला. "तिनं जे जे सांगितलं होतं ते. फिल्टर, टाकी, ते परत परत येतंच, पण त्यात आता काही नवीन नसतं. हे एकच राहिलं होतं. हे केलं की तिचं मला सांगायचं संपलं."

अनोळखी माणसानं मला हे सांगितलं असतं तर कदाचित माझेही डोळे भरून आले असते. पण माझ्या डोळ्यांपुढे तो कठडा आला.

"तिचं संपू नये म्हणून तू मला त्या टायरवर पाठवत होतास," मी म्हणाले. "रोज. घसरले ते सांगितल्यावरही. त्या कठड्यात आणि माझ्यात एवढं अंतर होतं." मी दोन्ही हातांनी दाखवलं. "लिफ्टचा दोर असता तर बदलला असतास. आणि तिनं काय लिहिलंय ते तरी बघ. चालढकल नको. तिचंही ऐकलं नाहीस, माझंही नाही."

तो माझ्या दोन हातांमधल्या अंतराकडे बघत राहिला. मग गाडीच्या मागच्या बंपरवर बसला, कामाच्या कपड्यांत, आणि चेहरा पुसला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "तू घसरलीस म्हणालीस, मला वाटलं थोडीशी. मी विचारलंच नाही."

"नाही विचारलंस."

त्या रात्री जुना टायर त्यानं जिन्याखाली ठेवला. तो अजून तिथेच आहे, आणि येता-जाता माझ्या डोळ्यांत खुपतो, हे मी लपवणार नाही. टाकून दे म्हणून मी सांगितलेलं नाही. वाट बघते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला निघाले, तर तो माझ्याआधी खाली उभा. गाडीची चारही चाकं ओल्या फडक्यानं पुसून झाली होती. हातात ते पिवळं पेन होतं, कुठल्या खणातून काढलं कोण जाणे.

"हे मऊ आहेत, लवकर झिजतील," तो म्हणाला. "पुढचे कधी बदलायचे, ते लिहून ठेवू का आतल्या बाजूला?"

मी दार उघडून आत बसले आणि काच खाली केली.

"लिहायला कशाला पाहिजे?" मी म्हणाले. "मी आहे ना. मला विचार."